साहित्य आणि तत्त्वज्ञान : एका जोड-अभ्यासाविषयी
(हीरकमहोत्सवानिमित्त झालेले भाषण)



परप्रांतात राहून मराठी माध्यमातून शिकलेली एखादी मुलगी बारावीनंतर घरी सांगते, की तिला विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान हे दोन विषय एकत्र शिकायचे आहेत. त्यावर घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला पोटापाण्याचा : पुढे करणार काय? दुसरा सहसा मोठ्याने विचारला जात नाही : मराठीतून शिकलेल्या मुलीला हे झेपेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे शोधण्याआधी या अभ्यासाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' घ्यावे. राजपुत्राला पित्याचे भूत भेटते आणि काकाने केलेल्या खुनाची हकिगत सांगते. साहित्याचा विद्यार्थी राजपुत्राच्या स्वगतांची भाषा, त्याची चालढकल, त्याचा उपरोध न्याहाळतो. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारतो : भुताची साक्ष पुरावा म्हणून मानावी का? सूड आणि न्याय एकच का? गंमत अशी, की पहिला प्रश्न खुद्द हॅम्लेटलाच पडतो, आणि म्हणून तो दरबारात नाटक करवून काकाची परीक्षा घेतो. या नाटकाला 'विकारविलसित' (१८८३) हे मराठी रूप देणारे गोपाळ गणेश आगरकर बुद्धिप्रामाण्याचे खंदे पुरस्कर्ते होते, हे येथे आठवावे.

दुसरे उदाहरण आयरिस मरडॉक यांचे. त्यांनी ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवले आणि सव्वीस कादंबऱ्या लिहिल्या. 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' (१९७०) या त्यांच्या पुस्तकात एक सासू आहे. तिला सून मनाने चांगली, पण पोच नसलेली, पोरकट वाटते. मुलाने आपल्या तोलामोलाची मुलगी केली नाही, ही खंत तिला आहे. तरीही वागण्यात ती यातले काहीच दिसू देत नाही. पुढे ती स्वतःलाच बजावते, की आपण जुन्या वळणाच्या आहोत, मनात थोडा मत्सरही असेल, तेव्हा पुन्हा नीट पाहावे. हळूहळू तिला दिसू लागते, की सून असंस्कृत नाही, साधी आहे. पोरकट नाही, टवटवीत आहे. बाहेरून मात्र काहीच बदललेले नाही. मग नैतिकदृष्ट्या काही घडले का? त्या काळच्या इंग्रजी तत्त्वज्ञानातील एक प्रबळ प्रवाह नीतीचा शोध कृतीत आणि निवडीत घेत होता. मरडॉक यांनी उलट सांगितले, की दुसऱ्याकडे न्यायाने आणि ममतेने पाहणे हेही नैतिक कर्मच आहे.

या उदाहरणात सासूची दृष्टी बदलली हे कळते ते बदललेल्या विशेषणांवरून. ती टिपण्याची सवय साहित्य लावते. पण तत्त्वज्ञान तेवढ्यावर थांबू देत नाही. दुसरे दर्शन अधिक खरे कशावरून? तो सासूचा भाबडेपणा नसेल कशावरून? साहित्यावाचून विचार माणसापासून तुटतो आणि विचारावाचून साहित्य नुसते हळहळते. हे दोन विषय एकत्र शिकण्याचे प्रयोजन एवढेच आहे : ते एकमेकांना शिस्त लावतात.

ही शिस्त सोपी नाही. स्वतः मरडॉकही दोन्हींची कामे वेगळी मानीत. तत्त्वज्ञानाच्या निबंधात प्रतिपादन, आक्षेप आणि उत्तर हा क्रम सरळ, निरलंकार भाषेत हवा. साहित्याच्या निबंधात संहितेतील शब्दाशब्दापाशी थांबावे लागते. एकाची पद्धत दुसऱ्यात मिसळली, की गुण जातात. वाचनही दुप्पट असते.

आता झेपण्याचा प्रश्न. इंग्रजी वाक्यरचनेचा सराव पहिल्या वर्षी नेटाने करावा लागेल, यात शंका नाही. परंतु दोन भाषांत वाढलेल्या मुलीजवळ एक भांडवलही असते. इंग्रजीत 'माइंड' या एका शब्दावर भागते; मराठीत मन, बुद्धी की चित्त, हे ठरवावे लागते. इतर जेथून सहज पुढे जातात, तेथे ती अडखळते, आणि तत्त्वज्ञानाची सुरुवात बहुधा अशा अडखळण्यातूनच होते. मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. इंग्रजीचेच प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी 'अष्टदर्शने'मध्ये देकार्तपासून बर्गसाँपर्यंत सात युरोपीय तत्त्वज्ञ आणि आठवा चार्वाक मराठी काव्यात आणला. इंग्रजीच्या अभ्यासाने त्यांची मराठी आटली नाही; तिला नवे विषय मिळाले.

उरला पोटापाण्याचा प्रश्न. ही पदवी नोकरीची हमी देत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्राध्यापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर अभ्यासाच्या वेळी दोहोंपैकी एक विषय निवडावा लागेल, कारण 'नेट' परीक्षा एका विषयाची असते. मात्र तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. नागरी सेवा परीक्षेलाही कोणतीही पदवी चालते, आणि तिच्या वैकल्पिक विषयांत तत्त्वज्ञान व इंग्रजी साहित्य दोन्ही आहेत. पत्रकारिता, प्रकाशन, अनुवाद यांत तर नेमके वाचणे आणि नेमके लिहिणे हेच काम असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर एक विषय प्रमुख आणि दुसरा दुय्यम घेण्याची वाट रुंद झाली आहे. पालकांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : दोन्ही विभाग प्रत्यक्ष चालू आहेत का, दोन्हींना पूर्णवेळ अध्यापक आहेत का, आणि तासांच्या वेळा एकमेकांवर येतात का.

आणि घरी परतल्यावर मुलीला तिचे कारण विचारावे. ते सांगताना ती स्वतःच्याच म्हणण्यावर एखादा आक्षेप घेऊन त्याचे उत्तर शोधू लागली, तर तिचा अभ्यास सुरू झाला आहे असे समजावे. साठ वर्षे या शाळेने मुलांना मराठीतून प्रश्न विचारायला शिकवले. त्यांतला एखादा प्रश्न विद्यापीठात इंग्रजीतून विचारला गेला, तरी तो याच शाळेचा असेल.