पाळणा लांबविण्याचे घरगुती उपाय कितपत सुरक्षित?
(पालक मेळाव्यातील भाषण)



हा विषय शाळेच्या मंडपात बोलायला अवघड खराच. परंतु आज कॉलेजात शिकणारी मुले-मुली उद्या संसारात पडतील, तेव्हा पहिला सल्ला डॉक्टरचा नसतो. शेजारच्या खालाचा असतो. "गोळ्या गरम पडतात, झाडपाल्याने कधी अपाय होतो का?" हे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

आपले जालना बियाण्यांचे शहर, आणि भोवताली कपाशी. म्हणून उदाहरण कपाशीचेच घेते. तिच्या मुळाच्या सालीचा काढा चुकलेली पाळी आणण्यासाठी देण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील मळ्यांवर गुलाम स्त्रियाही हीच साल चघळीत. आपल्या पोटी आणखी गुलाम जन्मू नये, हा त्यांचा हेतू!

आता सरकीचे पाहा. चीनच्या काही खेड्यांत कच्चे, न शुद्ध केलेले सरकीचे तेल खाण्यात आले आणि पुरुषांना मुले होईनात. शोध घेता गॉसिपॉल नावाचे द्रव्य सापडले. १९७२ पासून तेथे आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते देऊन पाहिले. शुक्रजंतू खरोखरच घटले. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडले आणि काहींची जननक्षमता औषध बंद केल्यावरही परतली नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९८ मध्ये हा नाद सोडून द्यावा, असे सुचविले. (बाजारातील रिफाइंड सरकी तेलातून हे द्रव्य काढलेले असते, भगिनींनी घरी जाऊन डबा ओतून देऊ नये.)

सांगायचे ते हे की, वनस्पतीत गुण असेल तर तो औषधाचाच गुण, आणि औषधाला मात्रा लागते. काढ्यात ती कोण मोजणार? पाळीनंतर एरंडाची बी गिळली की वर्षभर दिवस जात नाहीत, असे म्हणतात. त्याला भरवसा नाही, आणि बी चावली गेली तर तिच्यातील रायसिन हे जीवघेणे विष आहे. चित्रकाचे मूळ किंवा कसलीही काडी आत घालणे तर सर्वांत घातक. त्याने जंतुदोष होऊन बाई दगावते, किंवा वाचली तरी गर्भाशय कायमचे निकामी होऊ शकते.

मग ज्यात औषधच नाही, असे उपाय? ते निरुपद्रवी आहेत, पण कच्चे आहेत. अज्ल, म्हणजे वीर्य बाहेर सोडणे, हे पैगंबरसाहेबांच्या काळीही होत असल्याचे हदीसमध्ये आहे. इमाम गझालींनी ते जायज मानले. हनफी फिकहप्रमाणे पत्नीची संमती मात्र हवी. बंधूंनी हा भाग विशेष ध्यानात ठेवावा. व्यवहारात या उपायावर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे वीस स्त्रियांना वर्षाच्या आत दिवस जातात. पाळी नेमाने २६ ते ३२ दिवसांनी येत असेल, तर आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळणे हा दुसरा उपाय. त्यातही शंभरात बारा जणी चुकतात. अनियमित पाळी असणाऱ्यांनी हा हिशेब करूच नये.

अंगावरचे दूध हा उपाय मात्र चांगला आहे. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरच पाजावे. वरचे पाणी, मध, घुटी काही नाही. तिन्ही अटी पाळल्या तर शंभरात दोघींनाही दिवस जात नाहीत. यातली एक अट सुटली की दुसरा उपाय त्याच दिवशी सुरू करावा.

तो दुसरा उपाय आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. निरोध आहे, तांबी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली 'छाया' ही गोळीही आहे. तिच्यात हार्मोन नाही आणि दूध पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा घ्यायची.

दिवस गेलेच असतील आणि ते नको असतील, तर १९७१ च्या कायद्याने (२०२१ मध्ये तो सुधारला आहे) मान्यताप्राप्त दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही आणि नाव गुप्त राहते. कोणी आधीच काढा किंवा पुडी घेतली असेल आणि रक्तस्राव, ताप, पोटदुखी सुरू झाली असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. तिला तडक इस्पितळात न्या, काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि उरलेली पुडी बरोबर घेऊन जा.