निकोप स्पर्धा आणि महिलांचा निर्णयाधिकार



‘स्पर्धा’ म्हटले की अनेकांना मत्सरच आठवतो. मुलींच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच खटकतो. जुळवून घेणे हाच मुलीचा गुण, असे घरोघरी शिकविले जाते. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे या समजुतीला कृतीने उत्तर दिले. तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेत ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासमवेत तिने कंपाउंड प्रकाराचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक उपांत्य फेरीत तिच्यासमोर उभ्या होत्या त्याच ज्योती, वयाने दहा वर्षांनी ज्येष्ठ. अदितीने १४९-१४५ अशी बाजी मारली आणि सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. दोनच महिन्यांनी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत दोघी पुन्हा एका संघात, पुन्हा सुवर्ण. वैयक्तिक उपांत्य फेरीत मात्र या वेळी ज्योती जिंकल्या. ना संघ तुटला, ना ज्येष्ठतेचा मान उणावला. निकोप स्पर्धा म्हणतात ती हीच.

स्पर्धेत उतरणे ही पहिली पायरी. निर्णय घेणे ही पुढची. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने भावाचे पाहून बॅट हाती घेतली. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात तिच्या बंगळूरु संघाने आठांपैकी दोनच सामने जिंकले. तरी कर्णधारपद तिच्याकडेच राहिले. १७ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात दिल्लीची धावसंख्या बिनबाद ६४ असताना तिने सोफी मोलिन्यूकडे चेंडू सोपविला. एकाच षटकात तीन बळी गेले, डाव ११३ वर आटोपला आणि चषक बंगळूरुकडे आला. चुकण्याची मुभा मिळाल्यावाचून असे निर्णय घेण्याची सवय लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. समाज त्याला त्याग म्हणून वंदन करतो. तो एक निर्णयही होता, हे क्वचितच कोणी म्हणते. आजही अनेक संस्थांत स्वागत, रांगोळी व भोजनव्यवस्था महिलांकडे, तर अंदाजपत्रक, बांधकाम व नेमणुका पुरुषांकडे, अशी वाटणी दिसते. महिला मंडळ निराळे स्थापन केले की प्रश्न सुटला, असेही मानले जाते. तो सुटत नाही. विश्वस्त मंडळाच्या पुढील निवडणुकीत भगिनींनी राखीव जागेची वाट न पाहता अर्ज भरावेत, पुरुषांविरुद्ध आणि प्रसंगी एकमेकींविरुद्धही. आणि निवडून येणाऱ्या भगिनीच्या हाती पहिल्या वर्षापासून हिशेबाची वही व धनादेशावरील सहीचा अधिकार असावा.