नव्या गोळीची परीक्षा

चांदणी चौकातील भगीरथ पॅलेस ही दिल्लीची औषधांची मोठी घाऊक पेठ. मार्च २०२५ मध्ये तेथील व्यवहारात एक लक्षणीय फरक पडला. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचे भारतातील मूळ पेटंट संपले. अनेक देशी कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि जी एक गोळी सुमारे ६० रुपयांना पडत असे, ती काही नावांखाली ६ रुपयांच्या आत मिळू लागली.

अशा वेळी करोलबागेत राहणारे एखादे निवृत्त मराठी गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा, आणि पथ्याचा आलेला कंटाळा. शेजाऱ्याची साखर या नव्या गोळीने उतरली, वजनही उतरले, हे त्यांच्या कानी येते. ते वैद्यांकडे जातात, ते सल्ला विचारावयास नव्हे, तर चिठ्ठी मागावयास. "डॉक्टरसाहेब, आता ती स्वस्त झाली आहे. जुनी बंद करा आणि मला तीच द्या."

ही मागणी वावगी नाही. पण तिच्यात उतावीळपणा आहे. तो कोणता, हे कळण्यासाठी ही गोळी काय करते ते पाहिले पाहिजे.

लघवीला मुंग्या लागणे हे प्रमेहाचे पूर्वचिन्ह म्हणून चरकसंहितेने नोंदविले आहे. लघवीतील साखर ही अशी रोगाची जुनी खूण. नवलाची गोष्ट ही, की या औषधाने त्या खुणेलाच उपाय केले! निरोगी मूत्रपिंडे रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी पुन्हा रक्तात परत घेतात. ही परतीची वाट गोळी अंशतः अडविते. त्यामुळे मधुमेही माणसाच्या लघवीवाटे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम साखर निघून जाते. या कल्पनेचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ साली त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य काढण्यात आले आणि त्याने लघवीत साखर उतरते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखविले. त्या कडू द्रव्यापासून आजच्या गोळीपर्यंत यावयास शतकाहून अधिक काळ लागला.

२०१५ मध्ये या औषधाच्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीत सात हजारांवर रुग्ण होते. सुमारे तीन वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत हजारी ५९ होते. ते औषध घेणाऱ्यांत ३७ झाले. आकडा मोठा आहे. परंतु हे सर्व रुग्ण आधीच हृदयाच्या वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने ग्रासलेले होते. ज्याचे हृदय धड आहे, त्याने तो आकडा जसाच्या तसा आपल्या नावावर मांडू नये.

म्हणून सुज्ञ वैद्य चिठ्ठी लिहिण्यापूर्वी प्रश्न विचारतो. हृदयाचा त्रास आहे काय? मूत्रपिंडांची तपासणी केव्हा झाली? रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू आहे काय? उपास किती करता? शेवटचा प्रश्न गृहस्थांना विचित्र वाटतो. तथापि खरी मेख तेथेच आहे. साखरेबरोबर पाणीही जाते, आणि दिल्लीच्या ज्येष्ठात लू वाहू लागली की शरीर आधीच कोरडे पडते. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होण्याचा संभवही वाढतो. याहून गंभीर गोष्ट म्हणजे कीटोन वाढून रक्त आम्ल होणे. हा प्रसंग विरळा, पण प्राणघातक. आणि फसवा असा, की त्या वेळी रक्तातील साखर फारशी चढलेली नसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसताच यंत्रावरील आकड्यावर विसंबून न राहता रुग्णालय गाठावे. उलट्या होत असता किंवा अन्न जात नसता गोळी थांबवून वैद्यांना विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी ती काही दिवस आधी बंद करावी लागते. आषाढीचा कडक उपास करावयाचा असेल, तर त्याआधी वैद्यांशी बोलावे. आणि जो इन्सुलिनवर आहे, त्याने नव्या गोळीच्या भरवशावर इन्सुलिन परस्पर कधीही सोडू नये.

औषध बाजारात आले म्हणजे त्याची परीक्षा संपली असेही नाही. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्याच औषधाची विक्री केंद्र सरकारने दिल्लीहून जून २०१३ मध्ये स्थगित केली; आणि जुलैअखेर, वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा खुली केली. औषध तेच राहिले. त्याविषयीची सावधगिरी वाढली.

करोलबागेतील गृहस्थांना अखेर चिठ्ठी मिळते. पण मेटफॉर्मिन कायम राहते, नवी गोळी तिच्या जोडीला येते. घरी पत्नी एका वहीवर रेघा आखून देतात: उपाशीपोटीची साखर, वजन, रक्तदाब, आणि दिवसभरात प्यालेले पाणी. तीन महिन्यांनी रक्ताची सरासरी तपासावयाची आहे. शेजाऱ्याला गोळी लागू पडली, ही शेजाऱ्याची हकीकत झाली. यांची हकीकत या वहीत लिहिली जावयाची आहे.