भरपाई कोणाच्या हाती पडते?

(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आहे अपघात, भरपाईचे दावे आणि त्या कायद्याची सुधारणा. विषय वकिलांचा वाटतो, पण तसा तो नाही. आपल्यापैकी कोणी ट्रक चालवतो, कोणी बांधकामावर जातो, कोणी महानगरपालिकेच्या सफाई खात्यात आहे. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की घरातल्या मुलाची शाळा सुटते. म्हणून हा विषय आपल्या प्रत्येक घराचा आहे.

एकाच्या हयगयीमुळे दुसऱ्याच्या शरीराला इजा झाली, तर इजा करणाराने ती भरून द्यावी, हे तत्त्व जुने आहे. त्यावर उभ्या असलेल्या कायद्याला अपकृत्याचा कायदा किंवा टॉर्ट लॉ म्हणतात. तत्त्व चांगले आहे. पण ते गरिबाच्या उपयोगी पडले का, हा खरा प्रश्न आहे.

१८३७ सालचा इंग्लंडमधला एक खटला पाहा. एका खाटकाच्या नोकराला मालाची गाडी घेऊन जायला सांगितले. गाडीत भार जास्त होता. ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड मंजूर केले, पण न्यायाधीशांनी तो निकाल टिकू दिला नाही. नोकरीतला धोका नोकराने पत्करलेलाच असतो, असा विचार त्यामागे होता. पुढे यातूनच, सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असा नियम रूढ झाला. गिरण्या, खाणी आणि रेल्वे वाढत गेल्या, हातपाय तुटत गेले आणि कोर्टाचा दरवाजा कामगारांना बंद राहिला.

तो दरवाजा उघडला तो कायदा बदलून. ब्रिटनमध्ये १८९७ साली आणि आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, की मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली. रक्कम पगार आणि वय यांवरून ठरू लागली. आपल्याकडचा तो १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या योजनेत जखमी कामगाराला मालकाशी भांडावे लागत नाही. विमा महामंडळ पैसे देते. सुधारणा ही अशी असते.

पण 'टॉर्ट रिफॉर्म' हे शब्द अमेरिकेत उच्चारले जातात तेव्हा त्यांचा अर्थ बहुधा उलटा असतो. तिथे त्याचा अर्थ दावे कमी करणे आणि भरपाईला मर्यादा घालणे असा होतो. त्या बाजूचे म्हणणे टाकाऊ नाही. वकील निकालाच्या रकमेतला मोठा हिस्सा घेतात. दाव्याच्या भीतीने डॉक्टर नको त्या तपासण्या करतात. विम्याचे हप्ते वाढले की शेवटी रुग्णाचेच बिल वाढते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात डॉक्टरांचे विम्याचे हप्ते भडकले, तेव्हा तिथल्या सरकारने वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांत वेदना आणि दुःख यांसाठीची भरपाई अडीच लाख डॉलरच्या वर जाणार नाही असा कायदा केला.

त्याचा परिणाम कोणावर झाला ते पाहा. बुडालेल्या पगाराला ही मर्यादा नव्हती. म्हणजे मोठ्या पगाराच्या माणसाला बुडालेली कमाई पूर्ण मिळे. लहान मूल, गृहिणी, म्हातारा माणूस यांचा बुडणारा पगार नाही. त्यांचे सगळे नुकसान वेदनेचे, आणि नेमकी तिथेच मर्यादा! महागाई वाढत गेली तरी तो आकडा सत्तेचाळीस वर्षे तसाच होता. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ पासून ती रक्कम वाढू लागली.

या चळवळीने एक गोष्ट जगभर पसरवली, ती कॉफीची. कॉफी अंगावर सांडली आणि बाईला लाखो डॉलर मिळाले, असे सांगून लोक हसतात. वस्तुस्थिती अशी. १९९२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे ७९ वर्षांच्या बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. कंपनी ती ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवत असे. कातडी खोलवर भाजली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, कातडी बसवावी लागली. बाईंनी वीस हजार डॉलर मागितले; कंपनीने आठशे देऊ केले. भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या, हे खटल्यात उघड झाले. १९९४ मध्ये ज्यूरीने वीस टक्के चूक बाईंची धरून भरपाई १ लाख ६० हजार डॉलर केली, आणि कंपनीला दंड म्हणून २७ लाख डॉलर लावले. न्यायाधीशांनी तो दंड ४ लाख ८० हजारांवर आणला. पुढे आपसात तडजोड झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते फक्त २७ लाख. विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की हसण्यापूर्वी खटल्याचे कागद वाचावेत.

न्यूझीलंडने तिसरा मार्ग काढला. १ एप्रिल १९७४ पासून तिथे अपघाताच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्कच काढून घेतला, आणि त्या बदल्यात चूक कोणाचीही असो, जखमी माणसाला सार्वजनिक निधीतून उपचार आणि बुडालेल्या कमाईचे ८० टक्के देण्याची व्यवस्था केली. हक्क घेतला, पण हाती काहीतरी दिले. केवळ हक्क घेणे आणि ही व्यवस्था यांत मोठा फरक आहे.

आता आपल्याकडे या. मोटार अपघातात चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. याहून अधिक हवे असेल तर चालकाची चूक दाखवून न्यायाधिकरणापुढे दावा लावावा लागतो.

त्या दाव्याचा हिशेब समजून घ्या. तीस वर्षांचा मजूर, महिना कमाई १२ हजार, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे १ लाख ४४ हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे आणि त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १ लाख ५१ हजार २००. या वयाला गुणक १७. भरपाई झाली २५ लाख ७० हजार ४००. पण १२ हजारांचा कागद नसला आणि ६ हजारच धरले गेले, तर ती निम्मी होते. साहेबाला पगारपत्रक असते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला कोण पगारपत्रक देणार? आपल्या कायद्यात सुधारणा हवी ती इथे.

खोटे दावे होत नाहीत असे मी म्हणणार नाही. उत्तर प्रदेशात बनावट मोटार दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. खोटा दावा करणारा विमा कंपनीला लुबाडतो, आणि त्याच्यामुळे खऱ्या जखमी माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. अशा कामात आपल्या माणसाने पडू नये.

गटारात उतरून मरणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख. इथे मयताचा पगार विचारला जात नाही. पण विधवेला ती रक्कम मिळेपर्यंत कितीदा कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, यावरच त्या आदेशाचे मोल ठरते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. कोणतीही सुधारणा दाव्यांची संख्या किती घटली यावरून मोजू नका; जखमीच्या हाती पैसा किती लवकर पडला यावरून मोजा. ठरीव रक्कम ताबडतोब द्यावी, गरिबाच्या कमाईचा पुरावा मागताना त्याची परिस्थिती पाहावी, आणि मोठ्या हानीसाठी कोर्टाचा दरवाजा उघडा ठेवावा.

संस्थेच्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी घरोघर सांगाव्यात. अपघात होताच पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याची प्रत घ्या, दवाखान्याची प्रत्येक पावती जपा. कामाच्या नोंदी आणि बँकेचे पासबुक सांभाळा. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तिच्या आतच दावा दाखल करा. दावा आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही लावता येतो. निकालाच्या रकमेत टक्का ठरवून फी घेण्यास वकिलांना मनाई आहे. टक्केवारी बोलणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही त्यात समावेश होतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ संस्थेत बसून असे अर्ज लिहून द्यावेत, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो. जयभीम!