बाज उचलून घरी गेल्यावर
(मदतनीस मेळाव्यात दिलेले भाषण)



कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उघडून प्रभूपुढे उतरवले आणि तो आपली बाज उचलून घरी गेला. घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे मार्क लिहीत नाही. आज मला त्या ‘पुढे’विषयीच बोलायचे आहे.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या भावासाठी तुम्ही दान दिले, प्रार्थना केली. त्यांचे नाव मी घेत नाही, नुसते दादा म्हणते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितले, पण दादांना दोनदाच जमायचे. यंत्रावर चार तास लागतात, पण त्यासाठी पूर्ण दिवस जायचा. पहाटे डोंगर उतरून रस्त्यावर यायचे, जीप पकडायची, जिल्ह्याच्या गावी जायचे आणि रात्री परतायचे. सोबत वहिनी असायच्या, म्हणजे दोघांचीही मजुरी बुडायची. ज्या हाताला सुई लावायची, त्या हाताने ओझे उचलायचे नाही, म्हणून ऊसतोडही बंद झाली.

दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी. भर उन्हाळ्यात दादा तांब्या समोर ठेवून घोट मोजत बसायचे. दारात आंबा पिकलेला असे, पण खायची मनाई होती. डायलिसिसने माणूस जगतो, पण निरोगी मूत्रपिंडाचे सगळे काम ते करू शकत नाही. अंगात रक्त कमी आणि थकवा कायमचा.

प्रत्यारोपणाशी आपल्या ख्रिस्ती सेवाकार्याचे जुने नाते आहे. भारतातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेली ती संस्था.

दादांना मूत्रपिंड दिले वहिनींनी. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. तपासण्या, शहरातला मुक्काम आणि पहिल्या सहा महिन्यांची औषधे तुमच्या दानातून झाली. मंडळीत बोलायला संकोच वाटतो, पण सांगते. नळी काढल्यावर स्वतःहून लघवी झाली, तेव्हा दादा लहान मुलासारखे रडले. ‘आता भरपूर पाणी प्या,’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांबरोबर आंबा खाल्ला. आपण आभारप्रार्थना केली, या पत्रिकेत फोटो छापला आणि मी फाईल बंद केली.

बंधुभगिनींनो, चूक तिथे झाली, आणि ती माझी होती.

नवे मूत्रपिंड शरीराला परकेच असते. शरीराने ते नाकारू नये म्हणून दर बारा तासांनी औषध घ्यावे लागते, आणि तेही जन्मभर. त्याच औषधांनी रोगांशी लढायची ताकद कमी होते. म्हणून पाणी उकळून प्यायचे, गोठ्यातले शेण काढायचे नाही, जडीबुटी घ्यायची नाही. हे सगळे आम्ही दादांना समजावले होते. सातव्या महिन्यापासून औषधाचे पैसे कुठून येणार, हे मात्र मी त्यांना विचारले नव्हते.

नवव्या महिन्यात तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. खोदून विचारल्यावर कळले की पन्नास दिवसांपासून दादा फक्त सकाळचीच गोळी घेत होते. पुरवून पुरवून. मी रागावले. ते खाली बघत म्हणाले, “ताई, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलं. आता आणखी किती वेळा हात पसरायचा?”

पुन्हा भरती करावे लागले. उपचाराने मूत्रपिंड वाचले, पण त्याची गेलेली सगळी ताकद परत आली नाही.

त्या दिवशी वहिनी डोक्यावर हंडा घेऊन आल्या. मी पहिल्यांदाच विचारले, “वहिनी, तुमची तपासणी कधी झाली?” त्या हसल्या. “मला काय झालंय? मी तर फक्त दिलं.” एका मूत्रपिंडावर माणूस चांगले जगू शकतो, पण देणाऱ्याचा रक्तदाब, लघवी आणि रक्त वर्षातून एकदा तरी तपासायला हवे. आपल्या देशात मूत्रपिंड देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त असतात. शस्त्रक्रिया एका घरात दोघांची होते, आणि आम्ही चौकशी मात्र एकाचीच करत होतो.

आता आम्ही पद्धत बदलली आहे. शस्त्रक्रियेसाठी मदत मागण्याआधी पुढच्या औषधांची सोय पाहतो. देणाऱ्याचे नाव रुग्णाच्याच फाईलवर लिहितो आणि दोघांनाही तपासणीला नेतो. पावसाळ्यात रस्ता तुटण्याआधी औषधे पाड्यावर पोहोचवतो. दादांच्या शेजारचा एक मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ गोळीची आठवण करतो. दादा आज शेळ्या राखतात, थोडी शेती बघतात आणि दर महिन्याला तपासणीला जातात. वहिनींचा अहवाल चांगला आला आहे.

माझी विनंती एवढीच. शस्त्रक्रियेसाठी तुम्ही मोठे दान दिलेत, त्याबद्दल देवाचे आभार. त्याच्याबरोबर दर महिन्याला थोडे दान औषधांसाठी वेगळे ठेवा. एखादी कोठीप्रार्थना किंवा तरुण संघ मिळून एका घराचे औषध उचलू शकेल. आणि प्रार्थनेत रुग्णाचे नाव घ्याल, तेव्हा त्याला मूत्रपिंड देणाऱ्या माउलीचेही घ्या.

त्या चौघांनी बाज प्रभूपर्यंत नेली. आपण त्या माणसाच्या घरापर्यंत जाऊ या, आणि पुढच्या महिन्यातही जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.