बाहेरच्या डिस्कवर नक्कल सावकाश का उतरते?



आपल्या ट्रस्टची शिष्यवृत्तीची जुनी बुके, वर्गणीच्या पावत्या आणि सभांची वृत्ते आता कॉम्प्युटरवर चढली आहेत. त्यांची नक्कल, जिला बॅकअप म्हणतात ती, बाहेरच्या डिस्कवर घेऊ लागले की तासच्या तास जातात. मग कंटाळून कोणी ती अर्ध्यावर सोडतो. मूळ डिस्क एखाद्या दिवशी बंद पडली, तर अशा नकलेत नेमके हवे तेच पान नसावयाचे. म्हणून हा उशीर होतो कोठे, तेवढेच आज आम्ही पाहणार आहोत.

पहिला संशय केबलवर जातो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. यूएसबी २.० या जुन्या पद्धतीची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिटांची. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा कागदावर ६० मेगाबाइट, आणि पदरात पडतात ३० ते ४०. २००८ साली निघालेल्या यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट, म्हणजे दसपटीहून अधिक. परंतु डिस्क नवी आणि केबल किंवा खाच जुनी असली, तर सारा व्यवहार जुन्याच गतीने चालतो. नव्या खाचेतील जीभ बहुधा निळी असते, ती पाहून घ्यावी.

तरीही खरा वेळखाऊ प्रकार निराळाच आहे. स्वस्त डिस्कमध्ये चकती फिरते, बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. म्हणजे सेकंदाला ९०. एक गिगाबाइटची एकच अखंड फाइल ती दहा-बारा सेकंदांत उतरवून घेईल. आता तेवढाच मजकूर दहा-दहा किलोबाइटांच्या एक लक्ष पावत्यांत वाटलेला आहे असे समजा. प्रत्येक पावती जागेवर ठेवून तिची नोंद सूचीत करण्यात चकतीचे दोनच फेरे गेले, तरी ३७ मिनिटे झाली! त्यातून विषाणुरोधक प्रोग्रॅम जकात नाक्यावरच्या शिपायासारखा प्रत्येक पावती उघडून पाहणार. आमच्या मते कचेऱ्यांतला निम्मा वैताग या बारीक फाइलींचा आहे, आणि दोष मात्र बिचाऱ्या डिस्कला लागतो.

काही डिस्का आरंभी झपाट्याने चालतात आणि नंतर रेंगाळतात. त्यांच्यात जागा वाचविण्यासाठी लिखाणाच्या रेषा छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर सरकवून बसविलेल्या असतात. मधले कौल बदलावयाचे तर त्यावरची उचलावी लागतात. तसेच येथे शेजारच्या रेषा पुन्हा लिहाव्या लागतात. थोडी मोकळी जागा आधी कामी येते, ती भरली की वेग बसतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. बारीक फाइलींची वर्षवार गाठोडी, म्हणजे झिप, करावी. सगळ्यांचे एकच गाठोडे मात्र नको. ते बिघडले तर सारेच गेले. पहिली नक्कल संपूर्ण घ्यावी, ती कचेरी बंद झाल्यावर रात्रभर चालू द्यावी. पुढे बदललेल्या फाइलीच घेणारा प्रोग्रॅम वापरावा. सकाळी नकलेतील चार-दोन पावत्या उघडून पाहाव्यात, कॉम्प्युटरला डिस्क सोडण्याची आज्ञा द्यावी, आणि मगच केबल काढावी.