आधी विचारा, मग गाडी भरा

(करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक करडीला आहे. इथली माणसे धानाची. बाहेरून आलेले आपण बरेचजण कापूस-ज्वारीचे, कोरडवाहू मुलखातले. धानवाल्याला धाक पुराचा, आपल्याला धाक पाऊस न येण्याचा. पण संकट कोसळले की दोघांच्याही गावात एकच गाडी येते, मदतीची. त्या गाडीत काय असावे आणि काय नसावे, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, दान द्यायला कसली आली अक्कल? लागते. पेरणीला लागते तेवढीच लागते. वापसा नसताना टाकलेले बियाणे कुजते, तशी वेळ न बघता टाकलेली मदतही कुजते. आणि बियाणे कुजले तर नुकसान आपले एकट्याचे. मदत कुजली तर ती ज्याच्या दारात कुजते, त्याला ती उचलून फेकायचीही मजुरी पडते.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी या जिल्ह्यावर काय गुदरले ते इथल्या लोकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर संजय सरोवर हे धरण आहे, त्याचे पाणी सुटले. वैनगंगेने पात्र सोडले, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. खाली गोसीखुर्दची सगळी ३३ दारे उघडली आणि पूर पुढे ब्रह्मपुरी-वडसा भागातल्या गावांत पसरला. त्यात दिवस कोरोनाचे. चार माणसांनी एकत्र यायचीही चोरी.

आता पाणी ओसरल्यावर घरात काय राहते ते बघा. उभा धान गाळाखाली. साठवलेले धान्य भिजून मोड आलेले. जनावरांसाठी रचलेली तणस काळी पडलेली. विहिरीत पुराचे घाण पाणी. मोटार जळालेली. चूल विरघळलेली. नदीकाठच्या ढिवर बांधवाचे जाळे गेलेले, डोंगा वाहिलेला. अशा घरासमोर गाडी थांबली आणि तिच्यातून जुन्या पँटी आणि फाटक्या साड्या उतरल्या, तर त्या घराने काय करायचे?

ही थट्टा नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून इतके जुने कपडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेले की त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. दिल्लीच्या गूंज या संस्थेने ते उचलून, निवडून, त्यातले कामाचे बाजूला काढले. विचार करा, संकटाच्या वेळी माणसे कमी आणि त्यांना काम काय, तर लोकांनी टाकलेले कपडे निवडायचे! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हाही कोल्हापूर-सांगलीकडे हीच गत झाली. जुने कपडे नकोत, असे तिकडच्या लोकांना सांगावे लागले.

आपल्या घरात जे नकोसे झाले ते देणे म्हणजे घर झाडणे आहे. ज्याचे गेले त्याच्याकडे काय नाही, ते विचारून देणे म्हणजे मदत. म्हणून पहिला नियम: आधी विचारा, मग गाडी भरा. कोणाला विचारायचे? तिथल्या सरपंचाला विचारा, तलाठ्याला विचारा, पण तिथेच थांबू नका. एखाद्या बचत गटाच्या बाईला विचारा. घरात मीठ आहे की नाही, पोराला दूध आहे की नाही, हे सरपंचाच्या आधी तिला ठाऊक असते.

दुसरा नियम: दिवस मोजा. गरज दिवसागणिक बदलते.

पहिले दोन-तीन दिवस चूल पेटत नाही. तेव्हा तांदूळ-डाळीची पोती उपयोगाची नाहीत. तेव्हा पाहिजे पिण्याचे पाणी, मुरमुरे, फुटाणे, चिवडा, काडेपेटी, मेणबत्ती, विजेरी, अंगावर घ्यायला चादर, डोक्यावर ताडपत्री. बायकांसाठी आतले नवे कपडे आणि पाळीच्या घड्या पाहिजेत. या वस्तू पुरुषांनी केलेल्या यादीत हमखास राहून जातात, म्हणून यादी बायकांकडून करून घ्या. औषधे मात्र घरातून गोळा करून पाठवू नका. कोणती गोळी कशाची आणि मुदत कधी संपली हे तिथे कोण वाचत बसणार? औषध आरोग्य केंद्राने मागितले तरच, मागितले तेवढेच.

आठ दिवसांनी गाळ काढायचा असतो. तेव्हा फावडी, घमेली, बादल्या, खराटे आणि विहिरी शुद्ध करायला ब्लीचिंग पावडर लागते. आणि सगळ्यात जास्त लागतात माणसे. चार दिवस राबणारी वीस पोरे गेली तर ती एका गाडीभर मालाला भारी आहेत. मोटार बांधणारा एक मिस्त्री गेला तर तो देव वाटतो. पण जाताना आपला शिधा आपण न्यायचा. ज्याची चूल वाहून गेली त्याच्या पंगतीला बसायला आपण जात नाही.

आणि धान्य पाठवायचे ते तिथल्या ताटात जे असते तेच पाठवा. भंडाऱ्याच्या माणसाला भात लागतो, लातूर-धाराशिवच्या माणसाला भाकरी.

महिना-दीड महिन्याने गाड्या थांबतात, वर्तमानपत्रात बातमी येत नाही, आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहतो. रब्बी पेरायची कशाने? इथल्या माणसाला तेव्हा हरभरा, लाखोळी, जवस यांचे बियाणे पाहिजे असते. आपल्या घरचा हरभरा द्यायचा असेल तर आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणे नाही, ती डाळ आहे. आणि दोन-तीन वाणांची भेसळ करून पोते भरू नका. बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांदा बुडवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूरकडे सीनेसारख्या नद्यांना पूर आले, तेव्हा तर पिकाबरोबर जमिनीची मातीच खरडून गेली. अशा शेताला बियाणे देऊनही उपयोग नाही. तिथे आधी माती आणि गाळ टाकावा लागतो, बांध घालावा लागतो. म्हणजे पाहिजे ट्रॅक्टरचे दिवस आणि डिझेल. हे तिथे जाऊन विचारल्याशिवाय कसे कळणार?

आता आपल्या कोरडवाहू मुलखाने काय द्यावे? आपल्याकडे पैसा नाही, हे खरे. पण आपल्याकडे कडबा आहे. पूर्वीइतका नाही, ज्वारीचा पेरा घटला, कडबा महाग झाला, हे मला माहीत आहे. म्हणून हिशेब सांगतो. दुष्काळातल्या छावण्यांत मोठ्या जनावरामागे दिवसाला ६ किलो सुका चारा धरत आले आहेत. म्हणजे १ टन कडबा १६ जनावरांना १० दिवस जगवतो. पूर आलेल्या गावात माणूस कसाही दिवस काढतो, पण दावणीला चारा नाही म्हणून बैलजोडी पडेल भावात विकली, की त्या घराची पुढची पेरणी गेली. गावातल्या प्रत्येक घराने दहा-दहा पेंढ्या काढल्या तरी गाडी भरते.

पण तिथेही अक्कल पाहिजे. कडबा वजनाला हलका, जागा फार खातो. गाडी भरते आणि वजन काहीच बसत नाही. कुट्टी करून पोत्यात दाबून भरला तर एका खेपेत जास्त जातो. भिजलेला, बुरशी आलेला कडबा किंवा ढेप पाठवू नका, जनावर दगावेल. कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच नको, तिची विषबाधा होते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वर ताडपत्री बांधा. आणि इथली जनावरे तणसीवर वाढलेली असतात. कडबा थोडा थोडा मिसळत द्या, असे उतरवताना सांगून या.

आता पैशाबद्दल. लोक म्हणतात, पैसा दिला तर मधेच खाल्ला जातो, वस्तू डोळ्यांना दिसते. पण हिशेब करून बघा. समजा गाडीभाडे १५ हजार आणि आत माल १० हजारांचा. तोच माल भंडाऱ्याच्या बाजारात मिळत होता. मग २५ हजार रुपये सरळ तिकडे का पाठवू नयेत? माल अडीचपट येईल, आणि तिथला दुकानदारही बुडालेलाच आहे, त्याचे दुकान उभे राहील. पैसा खाल्ला जाईल ही भीती खरी आहे, तर तिच्यावर इलाज करा. बँकेत खाते, दोन सह्या, दर देणगीची पावती, आणि सगळ्या खर्चाचे वाचन त्या गावच्या ग्रामसभेत. जो पावती देत नाही त्याला पैसा देऊ नका, मग तो कितीही मोठा असो.

वस्तू तिथे मिळतच नसेल तर मात्र न्यावीच लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. पहिल्या गाडीला १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर. लातूरच्या बाजारात पाणी विकत मिळत नव्हते म्हणून ती गाडी बरोबर होती. तीन वर्षांनी मिरज-सांगलीच पुराने वेढली गेली. आज देणारा उद्या घेणारा असतो, हे लक्षात ठेवूनच गाडी भरावी.

घेणाऱ्याला विचारायचे म्हणजे काय, हे किल्लारीने शिकवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, ते झोपलेल्या माणसांवर पडले. हजारो माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली. देणाऱ्यांनी मनापासून दिले, गावेच्या गावे बांधून दिली. पण काही ठिकाणी ती शहरातल्या वसाहतीसारखी झाली. रुंद रस्ते, एकसारखी घरे, आणि गोठ्याला, कडब्याच्या गंजीला, अवजारांना जागा नाही. आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेतकऱ्याचे घर नव्हते. याउलट, कमी नुकसान झालेल्या गावांत पैसे टप्प्याटप्प्याने मालकाच्या हाती दिले आणि घर त्याने स्वतः दुरुस्त करायचे अशी रीत ठेवली. अशी लाखाहून जास्त घरे झाली. तिथे गावच्या महिला मंडळांनी लोकांना माहिती सांगायचे, कामावर नजर ठेवायचे काम केले. ज्याला राहायचे त्याला विचारले की घर राहण्याजोगे होते.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सरकारची मदत पंचनाम्यावर येते, सातबारा बघून येते. ज्याच्या नावावर सातबारा त्याला पैसे. बटईने करणाऱ्याचे पीक वाहिले, खर्च त्याचा बुडाला, पण पैसे मालकाच्या खात्यात. मजुराची दोन महिन्यांची मजुरी गेली, त्याचा पंचनामा कोण करतो? नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या बाईचे नाव अजून सातबाऱ्यावर चढलेले नसते. ढिवराचे जाळे कोणत्या उताऱ्यावर लिहिलेले असते? सरकारने या माणसांना दिले पाहिजे, हे भांडण आपण चालूच ठेवू. पण आपली मदत तरी सातबारा विचारत जाऊ नये. आणि सडकेवरच्या पहिल्या गावात गाडी रिकामी करून परत फिरू नका. तिथे दहा गाड्या आधीच येऊन गेलेल्या असतात. आतल्या गावाला जा.

आणि फोटो! २०१९ च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे चेहरे छापल्यावरून राज्यभर गदारोळ झाला. दोन किलो तांदूळ हातात घेताना ज्याचा फोटो निघतो, तो काल आपल्यासारखाच पिकवणारा होता. त्याची मान खाली घालून दिलेले दान आपल्याला नको.

म्हणून तीन ठराव मांडतो.

१) प्रत्येक तालुक्यात पाच जणांची समिती असावी, त्यात निदान दोन महिला. संकट आले की तिने आधी तिथे फोन करावा, दोन माणसे पाठवावीत आणि यादी आल्यावरच गाडी भरावी.

२) जुने कपडे, उरलेली औषधे आणि भिजलेला चारा आपल्या नावाने कुठेही जाणार नाही. पैशाचा हिशेब दोन्हीकडच्या ग्रामसभांत वाचला जाईल.

३) गोळा होईल त्यातला अर्धा भाग पहिल्या महिन्यात खर्च करायचा नाही. तो रब्बीच्या पेरणीसाठी राखायचा, आणि त्यात पहिला हक्क ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचा.

तिसऱ्या ठरावावर काहींची हरकत असेल, मला कल्पना आहे. ती मनात ठेवून घरी जाऊ नका. उठा आणि आत्ताच बोला.